मयुरीच्या हेडफोनची डावी बाजू

१७ मार्च, सोमवार

ही वही प्रॅक्टिकल जर्नलची आहे. इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमा, दुसरं वर्ष. पहिली अकरा पानं भरलेली, त्यांवर सरांच्या लाल सह्या. पुढची सगळी कोरी. फाडून फेकणार होतो, पण कागद चांगला आहे आणि आज लिहिण्यासारखं काहीतरी घडलं आहे.

मयुरीने मला तिचा हेडफोन दिला.

ती मागच्या गल्लीत राहते. तिच्या घरचे अमरावतीकडचे. फेब्रुवारीपासून ती सुरतच्या रिंग रोडवर एका साडीच्या व्यापाऱ्याकडे फोनवर ऑर्डरी घेते. नागपूर, अकोला, यवतमाळचे दुकानदार. सेठने तिला एप्रिलअखेरपर्यंत कच्चं ठेवलं आहे, जमलं तर पक्कं करणार. हेडफोन ज्याचा त्याने आणायचा.

ती म्हणाली, "डावीकडून फार बारीक येतं रे. बघशील? माइकला मात्र हात लावू नको, तो चांगला आहे."

मी म्हटलं, बघतो. "बघशील" म्हणताना ती हसली. हे नक्की.

डावी बाजू कोणीही दुरुस्त करेल. मी तो असा करणार आहे की आमच्या अख्ख्या उधन्यात कोणाकडे तसा आवाज नसेल. कानाला लावला की तिला आपोआप कळलं पाहिजे की करणाऱ्याने काय काय ओतलं आहे त्यात.

१८ मार्च, मंगळवार

उघडला. कानाची गादी ओढून काढली की खाली चार स्क्रू. आत रुपयाएवढा पातळ पडदा, त्यामागे रिकामं प्लास्टिक. म्हणजे डबा. रिकाम्या डब्यात बोललं की घुमतं, तसंच इथे होतं. व्हिडिओत सांगतात, मागे कापूस किंवा लोकर भरा, घुमणं थांबतं.

कापूस कशाला? पप्पांच्या शर्टाच्या खिशात नेहमी चिंधीचा बोळा असतो. ते यंत्रमागावर आहेत, त्या लूमच्या खात्यातला धाग्याचा कचरा, मऊ, रेशमासारखा. हात पुसायला ठेवतात की कशाला, कोण जाणे. त्यांचा शर्ट खुंटीवर होता, निम्मा बोळा काढून घेतला. रात्रपाळीहून येऊन झोपले होते. शेजारी बसून मी पत्र्याला भोक पाडलं, तरी कूस बदलली नाही. अशी झोप मला मिळाली तर सोनं होईल.

डावीकडचं नंतर बघू. आधी आवाज.

२० मार्च, गुरुवार

पप्पांशी पुन्हा तेच. ते बूट घालत होते. मी मागून विचारलं, सोल्डरिंगची तार आणाल का येताना. उत्तर नाही. दुसऱ्यांदा विचारलं. सरळ दार उघडून निघून गेले. बापाने पोराला इतकं तोडावं?

जानेवारीपासून हेच चालू आहे. लिहूनच टाकतो एकदा. लॅबमधले सर सगळ्यांसमोर म्हणाले, लूमवाल्यांची पोरं, यांना लूमच चालवायचं आहे, मशीन कशाला खराब करता यांच्या हातात देऊन. मी उठलो. स्टूल पडलं. त्यावरून प्रिन्सिपलने पप्पांना बोलावलं. मी बाजूला उभा. साहेब माझ्याबद्दल गुजरातीत वाटेल ते बोलत होते, मुलगा गुंड आहे, याला आम्ही ठेवू शकत नाही. आणि पप्पा काय करत होते? मान हलवत होते. हो, हो. प्रत्येक वाक्याला हो. शेवटी साहेबांनी कागद पुढे सरकवला, पप्पांनी खिशातून पेन काढून सही केली. नाव काढून घेण्याचा अर्ज होता तो. विचारलं नाही की काय झालं, माझ्याकडे पाहिलं नाही, एक शब्द बोलले नाहीत माझ्या बाजूने.

मी माफ करणार नाही. आई म्हणते, "जाऊ दे ना योगराज, त्यास्ले काय समजस कॉलेजनं." समजत नव्हतं तर सही का केली?

२३ मार्च, रविवार

वाल्मिक काका आले होते. पप्पांच्याच खात्यात आहेत, दोघे एकाच वर्षी शिंदखेड्याहून आले. माझा पसारा बघून म्हणाले, "हाई काय डॉक्टरकी मांडी राहिना रे योग्या?" मी सांगितलं, आवाज नीट करतोय, पण माझ्याच कानाचा भरवसा वाटत नाही, ऐकून ऐकून सगळं सारखंच लागतं.

काका म्हणाले, "घरमा सोनार, आनि तू गावभर फिरस? मगनना कान म्हंजे कान! वीस लूममा एक धागा तुटना तरी पाठमोरा सांगे, वाल्मिक, तुना सातवा बंद पडना. नवीन कारीगरले मास्टर सांगे, मगनपाशी उभा ऱ्हाय आनि ऐकाले शिक."

पप्पा समोर बसून चहा पीत होते. त्यांच्याबद्दल एवढं चांगलं बोललं जात होतं तरी चेहरा कोरा.

आवडो न आवडो, उधन्यातला सगळ्यात तयार कान माझ्या घरात आहे. मयुरीसाठी मी बापाशीही बोलेन.

२८ मार्च, शुक्रवार

पप्पांनी तीनदा ऐकून दिलं. मला वाटलं होतं नाही म्हणतील. उलट दोन्ही हातांनी हेडफोन धरून, डोळे मिटून बसले. आई भाकरी टाकत बघत होती.

मागे चिंधी भरलेली असताना म्हणाले, "मुकं शे."

निम्मी काढली. "मुकंच शे."

सगळी काढली, पडद्यासमोरची स्पंजाची चकतीही काढली. मग डोळे उघडले. "हां. आते बोलस तो."

मला स्वतःला तो आवाज कर्कश वाटला. पण मी कोण? ज्या माणसाला वीस लूममध्ये धागा ऐकू येतो त्याला बारीक आवाज जास्त लागत असणार, आम्हा साध्यांना कळत नाही ते. फोनवर आवाजाचा जो तक्ता असतो त्यातही वरच्या पट्ट्या चढवून ठेवल्या.

बऱ्याच दिवसांनी पप्पा माझ्याशी चार वाक्यं बोलले. मयुरीमुळे.

३० मार्च, रविवार, पाडवा

मयुरी साखरगाठी द्यायला आली. पोपटी ड्रेस. आईशीच जास्त बोलली. जाताना मला म्हणाली, "झाला का रे? मी सध्या फोन मानेत धरून बोलते, मान वाकडी झाली. माइक ठेवलास ना तसाच?"

मी म्हटलं, थांब थोडी, ऐकशील तेव्हा कळेल.

ती म्हणाली, "मला नुसतं ऐकू आलं तरी पुष्कळ आहे."

किती साधी आहे.

४ एप्रिल, शुक्रवार

उजवीकडे बारीक गुणगुण येत होती. दोन दिवस शोधली. माइकची तार पडद्याला खेटून जाते, तिथून येते. तार दुसरीकडून न्यायला जागाच नाही. मग माइकच काढला. भोक एम-सीलने बुजवलं, वरून काळा रंग. बाहेरून समजत पण नाही.

आता आवाज स्वच्छ. माइक काडेपेटीत ठेवला आहे. तिला वेगळा लावायचा माइक घेऊन देईन कधीतरी.

डावीकडून अजून बारीकच येतं, पण उजवीकडचं एवढं कडक झालंय की लक्षात येणार नाही.

८ एप्रिल, मंगळवार

पप्पा म्हणाले, "एक नंबर." याआधी माझ्या कुठल्याही कामाला त्यांनी एक नंबर म्हटल्याचं आठवत नाही.

१२ एप्रिल, शनिवार

मी कशाला जन्माला आलो.

तिच्या दुकानाबाहेर उभा राहिलो. ती जेवणाच्या सुट्टीत आली. मी गाणं लावून दिलं, मुद्दाम निवडलेलं. तिने कानाला लावला आणि लगेच ओढून काढला. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मला क्षणभर वाटलं, गाण्यामुळे.

"अरे, काय केलंस हे? सुई टोचल्यासारखं होतंय कानात!"

मी म्हटलं, सवय नाही तुला, हा खरा आवाज आहे, आमच्या पप्पांनी पास केला आहे.

तिने हेडफोन उलटसुलट केला. "माइक कुठे आहे?"

मी सांगितलं, गुणगुण येत होती म्हणून काढला.

तिने बुजवलेल्या भोकावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "योगराज, मी गाणी ऐकायला घेतला होता का हा? काल अकोल्याच्या बाईंनी जांभळा सांगितला, मी जांभा ऐकलं, विटकरी माल गेला. सेठ म्हणाला, अजून एक चूक झाली तर घरी बस. मी तुला कितीदा सांगितलं, माइकला हात लावू नको?"

मी म्हटलं, मी पाच आठवडे घातले यात.

"चार आठवडे होत आले," ती म्हणाली. "मी मोजतेय."

मला राग आला आणि मी काहीतरी बोललो. लिहीत नाही. ती हेडफोन माझ्या हातात देऊन वर गेली.

१३ एप्रिल, रविवार

पप्पांनी मुद्दाम केलं. दुसरं काही असूच शकत नाही. लॅबमधल्या सरांसारखंच त्यांनाही वाटतं, पोराने लूमवर उभं राहावं, हे असले धंदे करू नयेत. म्हणून कचऱ्याला एक नंबर म्हटलं.

ते खिडकीकडे तोंड करून दाढी करत होते. मी मागून सगळं बोललो. कॉलेजचं, सहीचं, मयुरीचं. इतक्या जोरात की खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात आल्या. पप्पांचा हात तसाच फिरत होता. वर, खाली, वर, खाली. हा माणूस आहे की दगड? मी स्क्रूड्रायव्हर फेकला. त्यांना नाही, भिंतीवर. तो पितळी घागरीवर आपटला आणि अशी घंटा वाजली की मीच दचकलो.

पप्पांनी गालावरचा साबण पुसला, वस्तरा धुतला.

आई माझ्याकडे बघत होती. मला वाटलं रागावेल. रागावली नाही. नुसती बघत राहिली आणि मग घागरीला पोचा पडला का ते बघायला गेली.

१५ एप्रिल, मंगळवार

ठरवलं, पुराव्यानिशी पकडायचं. फोनवर एक चाचणी असते. आवाज जाड सुरू होतो आणि हळूहळू बारीक होत जातो, शेवटी डासासारखा होऊन संपतो. स्क्रीनवर आकडा चढत जातो. कुठपर्यंत ऐकू आलं ते कळतं. खोटं बोलणाऱ्याला खोटं बोलता येत नाही यात.

पप्पांसमोर बसलो, हातवारे करून समजावलं. आवाज संपला की हात वर करा. माझा साधा चांगला हेडफोन त्यांच्या कानावर ठेवला, बाजूने थोडा उघडा, म्हणजे मलाही ऐकू येईल.

आकडा तीन हजारावर आला आणि पप्पांनी हात वर केला.

मी म्हटलं, नाही संपला. पुन्हा लावला. पुन्हा तीन हजार. मग आवाज पूर्ण वाढवला. चार हजार, आणि हात वर. मला तो हेडफोनच्या बाहेरूनही नीट ऐकू येत होता, शिट्टीसारखा. आईला चुलीपाशी ऐकू येत होता, ती म्हणाली, बंद कर, कान दुखना. आकडा पंधरा हजारावर जाऊन थांबला. तोवर पप्पांचा हात वरच होता.

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. "सरना ना?"

मी आकडा दाखवला. स्क्रीनवर बोट ठेवून कुठे ते थांबले आणि कुठे आवाज थांबला ते दाखवलं.

"चालूच व्हता का?" पप्पांनी विचारलं.

मी फोन खाली ठेवला. त्यांनी हेडफोन काढला, तार नीट गुंडाळली, माझ्या हातात दिला आणि चप्पल घालून खाली गेले.

आई म्हणाली, "मले ठावकं व्हतं. तुना पप्पा म्हनेत, योग्याले सांगू नको."

१६ एप्रिल, बुधवार

पप्पांची दिवसपाळी. डबा घेऊन मीच गेलो, आईला नको म्हटलं. खात्यात लहानपणी गेलो होतो, नंतर नाही. दारातच आवाज छातीवर येऊन आदळतो. आत माझं मलाच ऐकू येईना.

पण आत सगळे बोलत होते. तोंडाचा आकार करून, बोटं नाचवून. दोन बोटं वर, कपाळाला हात, मूठ फिरवली. टोकाला उभ्या माणसाने थट्टा केली आणि चार रांगा पलीकडे पप्पा हसले. पोटभर हसले. घरी असं हसताना मी पाहिलं नाही त्यांना. मग तळहात एका लूमच्या चौकटीवर ठेवला, दुसऱ्यावर ठेवला, तिसऱ्यापाशी थांबून वाकले आणि तुटलेला धागा गाठला. कानात चिंधीचे बोळे होते.

बाहेर टपरीवर वाल्मिक काकांना विचारलं, तुम्ही तर म्हणाला होता, मगनचे कान म्हणजे कान.

"व्हतात ना," काका म्हणाले. "दहा-बारा वरीस व्हयनात. आते तो हातवर ऐकस. आम्हनं बी तेच, पन मगननं जास्त. बोळा तो उशिरा घालाले लागना, ऐकू येवाले पाहिजे म्हने."

मग म्हणाले, "आठे काई अडत नही. बाहेर मानूस मान खाली घालीसन बोलना का मग सगळं वांधं. मग आपन फक्त मान हलावानी. सेठ बोलना, हो. साहेब बोलना, हो."

प्रिन्सिपलच्या खोलीत एसी घरघरत होता. साहेब कागदात बघून बोलत होते.

डबा द्यायचा राहिला, परत आत जावं लागलं.

१८ एप्रिल, शुक्रवार

मयुरीचा हेडफोन केला. स्पंज परत बसवला, चिंधी चिमूटभर ठेवली, एम-सील कोरून माइक लावला आणि त्याची तार टेपने कडेला चिकटवली, तर जागा होती की तिथे. गुणगुण गेली. मग डावी बाजू पाहिली. एक टाका सुटलेला. सोल्डर लावलं. दहा मिनिटं, त्यातली सहा सोल्डरिंगची इस्त्री गरम होण्यात गेली.

नेऊन दिला. तिने तिथेच फोन लावून पाहिला. "येतंय ना माझं नीट? तुझंही मस्त येतंय. दोन्हीकडून!" खूप हसत होती, पायाने फरशीवर गोल काढत होती. फोन ठेवल्यावर मी विचारलं, अकोल्याच्या बाई का?

"प्रशांत," ती म्हणाली. "नागपूरला असतो. दिवाळीनंतर साखरपुडा आहे आमचा. तुला माहीत नव्हतं? अख्ख्या गल्लीला माहीत आहे."

मग म्हणाली, "परवाच्या बोलण्याबद्दल मी रागावले नाही आता. पण समोरच्याला इतकं बोलू नये रे."

मी म्हटलं, ठीक आहे. येताना कोणाच्या तरी उभ्या सायकलला लाथ मारली. अंगठा सुजला आहे. सायकल पुन्हा उभी करून ठेवली.

१९ एप्रिल, शनिवार

काही नाही.

२३ एप्रिल, बुधवार

पप्पांना सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण बाईंनी कानात नळी घालून पाहिलं, काचेच्या खोलीत बसवून आवाज ऐकवले. म्हणाल्या, गेलेलं परत येत नाही, मशीन बसेल, मापाचं बनवावं लागतं, दोन मेची तारीख. पप्पा मान हलवत होते. मी त्यांच्या समोर येऊन, तोंड दिसेल असं, एकेक वाक्य पुन्हा सांगितलं. मग त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "मशीन लाईसन लूमवर उभं ऱ्हाता ई का?"

बाईंनी नाही म्हटलं. तिथे कान झाकायचे, बाहेर आलं की मशीन.

येताना बसमध्ये पप्पा म्हणाले, "तुना हेडफोन खराब व्हयना ना मनामुये. मले वाटनं, मी हो म्हनतो तर तू बसशी माझ्यापाशी."

मी खिडकीबाहेर बघत होतो, तोंड दिसल्याशिवाय त्यांना कळलं नसतं. मग त्यांच्याकडे वळून म्हटलं, नाही झाला खराब.

२७ एप्रिल, रविवार

दोन मेपर्यंत कोण थांबतं.

माझा स्वतःचा हेडफोन घेतला. जुन्या इअरफोनमधला माइक, बाजारातून आणलेली काडेपेटीएवढी आवाज वाढवायची पट्टी, रिमोटची बॅटरी. पट्टी साबणाच्या डबीत बसवली. स्पंज काढला, आत चिंधी घातली नाही, बारीक आवाज जेवढा चढवता येईल तेवढा चढवला. मयुरीच्या हेडफोनचं जे मी केलं होतं, नेमकं तेच. फक्त आता माणूस बरोबर आहे. एकदम मोठा आवाज गेला तर तिथेच अडेल असंही केलं आहे, डॉक्टरीण बाई म्हणाल्या होत्या, उरलेलं सांभाळा.

माइक कानाजवळ आणला की शिट्टी मारतो. तार लांब करून खिशाला अडकवायचा. जिथे चिंधी असायची त्या खिशाला.

३० एप्रिल, बुधवार, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया

या वर्षी गावाला गेलो नाही, दवाखान्याच्या तारखेमुळे. अर्धी गल्ली रिकामी आहे. मयुरीला सेठने आज पक्कं केलं, पेढे घेऊन आली होती. मी एक खाल्ला.

आईने पितरांसाठी नवी मातीची घागर आणली आहे. मांडे, आमरस, सगळं केलं. जेवणाआधी मी पप्पांना खिडकीपाशी बसवलं, डबी खिशात, माइक शर्टाला, हेडफोन कानावर. बटण फिरवलं. ते रस्त्याकडे बघत होते.

मागे आईने घागर भरायला घेतली. तांब्याने पाणी ओतलं. मातीच्या घागरीत पाणी पडतं तसा साधाच आवाज.

पप्पांनी मान वळवली.

आई तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली. मग तिने अजून थोडं पाणी ओतलं, हळू, धार बारीक करून. पप्पा घागरीकडे बघत राहिले.

मला राहवलं नाही. मी कानाशी जाऊन ओरडलो, "पप्पा! येस का आवाज?"

त्यांनी कानावरून हेडफोन थोडा दूर केला. "वरडस कसाले? ऐकू ई राह्यनं मले."

आई हसायला लागली, मग डोळ्यांना पदर लावून आत गेली. मीही हसलो. या घरात मी कधी हळू बोललोच नव्हतो, आज लक्षात आलं.

जेवणं झाली. पप्पांनी हेडफोन काढला नाही. वाटी वाजवून बघितली, कागद चुरगाळून बघितला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "योगराज, त्या कॉलेजना साहेब त्या दिवशी काय बोलनात?"

मी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसलो. सगळं सांगितलं. लॅबमधले सर काय म्हणाले ते, प्रिन्सिपल काय म्हणाले ते. कागद कसला होता ते. आणि स्टूल पडलं नव्हतं, मी फेकलं होतं, सरांच्या पायावर, हेही सांगितलं. साध्या आवाजात सांगितलं. बराच वेळ लागला.

पप्पांनी शेवटपर्यंत ऐकलं. एकदाही मान हलवली नाही.